अर्गीरिसला खिडकीची जागा

समुद्रापुढे सगळी माणसं सारखी. तिथे कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. हे मी 'एव्दोकिया' बोटीत चढताना चांगलं मोठ्याने म्हणालो, आणि खलाशाने मला बाजूला सारून आधी बकऱ्यांना आत सोडलं. बकऱ्या ताटकळल्या की लाथा झाडतात. माणसं फार तर वर्तमानपत्राला पत्र लिहितात.

वर बसायच्या जागेत आलो तर आमच्या द्राकोनिसी बेटाची कालिओपी तिथे होती. खिडकीच्या खुर्चीवर एक लाकडी पेटी, पेटीवर तिची काळी शाल पांघरलेली, आणि शेजारच्या खुर्चीवर ती स्वतः, पाठ ताठ करून. पेटीत तिचा नवरा अर्गीरिस होता.

अर्गीरिस मोठ्या बेटावरच्या इस्पितळात वारला, ऐन हिवाळ्यात. वादळाने बोटी बंद होत्या, म्हणून त्याला तिथेच पुरावं लागलं, एका वकिलाच्या आणि एका कर अधिकाऱ्याच्या मधे. जन्मभर ज्यांना चुकवलं त्यांच्याच शेजारी. तीन वर्षांनी रीतीप्रमाणे हाडं वर काढतात, वाईनने धुतात आणि चर्चच्या अस्थिघरात ठेवतात. कालिओपीने दफनाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, की ते अस्थिघर आमचंच असेल, या परक्यांचं नाही. आता पेटी भरली होती. द्राकोनिसीला पाद्रीबाबा आले होते, प्रसादाचे गहू शिजले होते. उद्या पाद्रीबाबा पुढच्या बेटावर जाणार, आणि ते परत कधी येतील हे त्यांनाही ठाऊक नसतं.

तिकीट तपासनीस थेमिस आला.

"मावशी, सामान खाली, गाड्यांपाशी."

"ठेवलंय की. कांद्याचं पोतं खालीच आहे."

"मग ही पेटी?"

"हा अर्गीरिस."

थेमिसने छातीवर क्रूस काढला आणि एक पाऊल मागे सरकला. पण नोकरी ती नोकरी.

"यांचं तिकीट?"

"म्हाताऱ्यांना सवलत देता ना? मग मेलेल्यांना का नाही? माणसाने अजून किती म्हातारं व्हायचं?"

पलीकडच्या खिडकीशी बसलेले फरशीचे एक जाडे व्यापारी कुरकुरले, "मेलेल्याला खिडकी कशाला हवी म्हणतो मी?"

"तुम्ही बोट सुटल्यापासून खिडकीशी घोरताय," कालिओपी म्हणाली. "तुम्हाला कशाला हवी?"

यानंतर व्यापारी जागे राहून मुद्दाम समुद्र बघत होते.

मग कर्णा खरखरला. वाऱ्याचा जोर वाढल्यामुळे बोट द्राकोनिसीला थांबणार नाही. तिथल्या प्रवाशांनी पुढच्या लेव्की बेटावर उतरावं. गैरसोयीबद्दल दिलगिरी. कर्ण्यातली दिलगिरी नेहमी अशा आवाजात असते, की ऐकणाऱ्याने माफी मागावी.

कालिओपी उठली. पेटी छातीशी धरली आणि कप्तानाच्या केबिनचा जिना चढू लागली. 'प्रवाशांना मनाई' अशी पाटी होती. तिने ती कोपराने ढकलली, कारण ती दारावरच होती. मी मागोमाग गेलो. मदतीला, असं मी थेमिसला सांगितलं.

कप्तान फोकास दुर्बिणीतून बघत होता. वळलाच नाही.

"मावशी, खाली जा. वाऱ्याचा जोर आठ आहे, सातच्या वर धक्क्याला लागायची मनाई. एका माणसासाठी मी बोट खडकावर घालणार नाही."

"दोघं आहोत."

"मेलेली माणसं मोजत नाहीत."

"गेल्या महिन्यात नगराध्यक्षांचा फ्रीज उतरवलास. तो जिवंत होता का?"

सुकाणूवाला खोकला. त्याला हसू लपवायला दुसरं काही सुचलं नसावं.

"तेव्हा वारा सातचा होता," फोकास म्हणाला.

"फ्रीज आला की वारा सातचा, विधवा आली की आठचा. कळलं."

"मी नियमाने चालतो!"

"चाल बाबा. आम्ही कुठे अडवतोय?" तिने पेटी कप्तानाच्या उंच खुर्चीवर ठेवली, तोंड समुद्राकडे करून, आणि शाल नीट केली. "पण लेव्कीला मी उतरायची नाही. परक्या मातीत तीन वर्षं काढलीत त्याने, आता आणखी एक परकं बेट नको. वारा पडेपर्यंत आम्ही इथेच राहू. रात्री तो घोरायचा, ते आधीच सांगून ठेवते."

आमच्या खलाशांना वादळ चालतं, उंदीर चालतात, कंपनीचं जेवणही चालतं. पण रात्री बोटीवर मढं? सुकाणूवाल्याने एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने क्रूस काढला.

"कप्तान, मी लेव्कीला उतरतो. माझी बहीण राहते तिथे."

"तुला बहीण नाहीये!"

"शोधेन एखादी."

तोवर बातमी खाली पोचली होती. स्वयंपाक्याने निरोप धाडला, की त्यालाही लेव्कीला बहीण आहे. इंजिनवाल्यांच्या तर दोन-दोन निघाल्या.

फोकासने टोपी काढली, पेटीकडे पाहिलं, मग कालिओपीकडे. त्यातल्या त्यात पेटीशी बोलणं त्याला सोपं वाटलं असावं.

"अर्गीरिसकाका," तो पेटीला म्हणाला, "बोट धक्क्याला लागली नाही तर मला बोल लावायचा नाही."

"तो लावेल," कालिओपी म्हणाली. "मी ओळखते त्याला."

बोट वळली, आणि आम्ही पेटी घेऊन खाली आलो. पहिल्या वेळी लाटेने आम्हाला असं बाजूला फेकलं, की खाली बकऱ्यांनी एकमुखाने निषेध नोंदवला. फोकास शिव्या देत बाहेर निघाला, लांब वळसा घेतला, आणि पुन्हा मागे-मागे धक्क्याकडे येऊ लागला. व्यापारी बाकाला मिठी मारून सगळ्या संतांना नावानिशी हाका मारत होते. माझी मिठी खांबाला होती. संत आधीच गुंतलेले होते. दुसऱ्या खेपेला बोटीची मागची फळी धक्क्याच्या काँक्रीटवर आदळली आणि टिकली.

एक खलाशी पेटी घ्यायला धावला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "कांद्यांना लाव."

फळीवर पाणी येत-जात होतं. तिने एक लाट जाऊ दिली आणि चालू लागली, ना घाईने, ना हळू. गुडघ्यापर्यंत भिजली तरी पेटी कोरडी होती. धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. पाद्रीबाबांचा झगा वाऱ्याने डोक्यावर गेला होता, तरी ते आतून मंत्र म्हणतच होते. पेटी जमिनीला टेकली तशी चर्चची घंटा वाजली. खलाशांनी टोप्या काढल्या. फोकासने भोंग्याचा दोर ओढला: तीन लांब सलाम्या, जशा बुडालेल्या कप्तानांना देतात. डोंगर दणाणले. माझ्या डोळ्यांत खारं पाणी गेलं; उडतंच ते अशा हवेत.

कालिओपी मागे वळली, बोटीकडे पाहून हात वर केला. फोकास खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि त्याने आशीर्वादासाठी मान झुकवली.

"फोकास," ती ओरडली, "तेवढा भोंगा बंद कर रे, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात!"