दिदी म्हणेल तसं

बिस्नाच्या धाकट्या जावेचं, जौकलाचं, अंग बाहेर यायला लागलं ते मुलगी झाली त्या बाळंतपणानंतर. बाराव्या दिवशी शेणखताची पाटी पाठीवर चढली, दुसरं काय होणार होतं? सहा वर्षं तिनं ते लपवलं. उकिडवं बसणंही होईना, तेव्हा कुठं थोरल्या जावेपुढं तोंड उघडलं.

बिस्ना गावची आरोग्य स्वयंसेविका. नेपाळातल्या अछामच्या त्या डोंगरात तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशनचं शिबिर लागलं तशी ती जौकलाला घेऊन दीड दिवस डोंगर उतरत गेली.

काठमांडूहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दोन प्रकारची ऑपरेशनं समजावली. एकात गर्भाची पिशवी खालूनच काढून टाकायची. दुसऱ्यात पोट उघडून पिशवी वर उचलायची आणि जाळीच्या पट्टीनं कण्याच्या खालच्या हाडाला बांधायची. याला वेळ जास्त लागतो, पण पिशवी राहते, पुढं मूलही होऊ शकतं. पुन्हा घसरायची भीती दोन्हींत थोडीफार असतेच. मग त्यांनी जौकलाला विचारलं, "आणखी मूल हवंय का तुम्हाला?"

जौकला मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत राहिली. थोरल्या जावेसमोर मूल हवं म्हणणं म्हणजे नवरा हवा म्हणणं, आणि एवढी निर्लज्ज सून त्या डोंगरात अजून जन्मायची होती. बिस्नाला हे कळायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात गोठा होता. पाळीचे दिवस घराबाहेरच्या त्या गोठ्यात, धुरात आणि थंडीत काढून तिचा जन्म गेला होता. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की गोठा सुटला.

"एक लेक पुरे आहे तिला," ती हसत म्हणाली. "काढून टाका बाई. पडायला मागं काही राहायलाच नको."

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या.

"दिदी म्हणेल तसं," जौकला म्हणाली आणि तिनं अंगठा उठवला.

ऑपरेशन चांगलं झालं. दुखणं गेलं, चालणं सुधारलं. बिस्ना गावभर आपली फुशारकी मारत फिरली. चार महिन्यांनी बंगळूरला कामाला असलेल्या जौकलाच्या नवऱ्याचा निरोप आला, दसैंच्या सणाला येतोय म्हणून. त्या दुपारी दोघी अंगणात मका सोलत होत्या.

"गोठा सुटला तुझा," बिस्ना म्हणाली. "कधी माझं नाव तरी काढ."

जौकला रागावली नाही. तिनं हातातलं कणीस सोलून बाजूला ठेवलं.

"गोठा मी आणखी दहा वर्षं सोसला असता, दिदी. बाईंनी मला विचारलं होतं. तू जरा बाहेर जाशील म्हणून वाट बघत होते मी."

बिस्नाला शिबिरातली ती खोली आठवली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. दार दोन पावलांवर होतं, आणि तिला उठायचं सुचलंच नव्हतं.