जांभळीच्या पानांची शिवण

कामतघरच्या तळ्याकाठी बाग आहे आणि बागेच्या मागे थोडं रान राखलेलं आहे. रविवारी सकाळी मी, निवृत्त मास्तर, चाळीतल्या मुलांना झाडं-किडे दाखवायला तिथं नेतो. त्या दिवशी एकटी मनाली आली. तिचे वडील कापडाच्या कारखान्यात लूम चालवतात, आई घरी सुताच्या कांड्या भरते.

रानाच्या तोंडाशी, जांभळीखालच्या बाकाजवळ माळी चांगदेव लांब आकडी घेऊन उभा होता. वर फांदीला हिरव्या पानांचा नारळाएवढा गोळा लटकत होता.

"ओंबिलांचं घरटं काढतोय, अण्णा. बाकावर बसलं की लाल मुंग्या मानेवर पडतात, अशी तक्रार आलीय. आज ही फांदी जाणार."

"आम्हाला जरा बघू दे, मग काढ."

"बघा. पण लांबून. चावल्या तर शिकवणं विसराल."

मनालीनं नाक मुरडलं. "मुंग्यांत काय बघायचं? आमच्या साखरेच्या डब्यात ढीगभर हायेत."

"त्या घर शिवतात का?"

"शिवतात? मग सुई कुठाय?"

"तूच शोध."

गोळ्याच्या कडेला एक पान अजून उघडं होतं. मुंग्यांनी रांगेनं त्याची कड धरली होती. जिथं अंतर जास्त, तिथं एकीनं दुसरीची कंबर धरलेली, दुसरीनं तिसरीची. सगळ्या मिळून ओढत होत्या.

"सरकलं! अण्णा, पान सरकलं!"

तेवढ्यात आतून एक मुंगी आली. तिच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं.

"भाताचं शीत हाय?"

"नाही. त्यांचं पिल्लू. त्याच्या तोंडातून धागा निघतो."

मुंगीनं पिल्लू या कडेला टेकवलं, मग त्या कडेला. परत इकडे, परत तिकडे. मधे धुक्यासारखं पांढरं कापड तयार होऊ लागलं. मनालीची मान मुंगीबरोबर इकडून तिकडे हलत होती.

"शटल!" ती एकदम कुजबुजली. "लूमवर धागा घेऊन इकडून तिकडं पळतं ना, तसं पोराचं शटल केलंय!"

चांगदेव हसत जवळ आला आणि बघता बघता त्याचं हसू थांबलं.

"ह्यांचा मुकादम कोण?" मनालीनं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग कुठलं पान ओढायचं, ते सांगतं कोण?"

जन्मभर मुलांना उत्तरं देत आलो. "मला माहीत नाही, बाळ," मी म्हणालो, आणि तिच्याबरोबर पुन्हा वर बघू लागलो.

चांगदेवनं आकडी उचलली. मनालीनं आकडीचा बांबू घट्ट धरला.

"काका, नको ना! अर्धंच झालंय."

"अगं, खाली बसणाऱ्यांना चावतात. मी तरी काय करू?"

मनालीनं वर फांदीकडे पाहिलं, खाली बाकाकडे पाहिलं. "मग बाक उचला की!"

चांगदेवनं डोकं खाजवलं. आकडी गवतावर ठेवली. "अण्णा, ते टोक धरा जरा."

बाक लोखंडी होता. तिघांनी मिळून, धापा टाकत, तो पाण्याकाठच्या कडुनिंबाखाली नेला. थोड्या वेळानं फिरायला आलेले एक गृहस्थ त्यावर बसून फोनवर मोठमोठ्यानं बोलू लागले. मनाली तोंडावर बोट ठेवून, जांभळीकडे हात दाखवत त्यांच्यापुढे उभी राहिली.

"काका, हळू बोला. तिकडं शिफ्ट चालू हाय."