उत्तराऐवजी उमटलेला शिक्का

मित्रांनो, शमिकादीदींच्या शिकवणीत पंखा सुरू झाला की तुमचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर एक लाकडी मुठीचा जुना शिक्का ठेवतात ना, तोच मी. माझी अक्षरे उलटी आहेत, म्हणून तुम्हाला वाचता येत नाहीत. कागदावर उमटली की ती अशी दिसतात : 'जानकारी एकत्रित की जा रही है.' म्हणजे माहिती गोळा करणे चालू आहे.

न्यू मार्केटमधल्या एका शिक्केवाल्याने मला घडवले. दीदींचे बाबा, प्रभाकरराव, तेव्हा या हिंदीभाषक राज्याच्या राजधानीतल्या एका सरकारी खात्यात बाबू होते. आमदारांनी विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या टेबलावर तयार होत. किती शाळांत शिक्षक नाहीत, शिकून बसलेल्या किती तरुणांना काम मिळाले, असे ते प्रश्न. सगळ्या जिल्ह्यांचे आकडे वेळेवर येत नसत, आणि अपुरे आकडे सभागृहात पाठवायचे नाहीत, अशी तिथली रीत. मग तेच वाक्य लिहून लिहून हात दुखण्यापेक्षा प्रभाकररावांनी मला करवून घेतले.

काय माझा रुबाब होता! अधिवेशन जवळ आले की माझ्यावाचून पान हलत नसे. साहेब म्हणत, "प्रभाकरजी, आपकी मुहर ने फिर बचा लिया." मी फुगून जाई. प्रश्न काय आहे, याच्याशी मला काही देणेघेणे नव्हते.

एकदा मात्र प्रभाकररावांनी प्रश्न मोठ्याने वाचला. प्राथमिक शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि भरती कधी होणार? ते कौतुकाने शेजारच्या टेबलावरच्या सुभाषजींना म्हणाले, "ये तो हमारी शमिका का ही सवाल है!" दीदी पात्रता परीक्षा पास होऊन तीन वर्षे त्याच भरतीची वाट पाहत होत्या. त्यांची वयोमर्यादा संपत आली होती.

एक जिल्हा सोडून सगळ्यांचे आकडे आले होते. सुभाषजी म्हणाले, "एक फोन लगा लो, हो जाएगा."

"अब पाँच बजे कौन उठाएगा? अगले सत्र में देख लेंगे," असे म्हणून प्रभाकररावांनी मला शाईच्या पॅडवर दाबले. मी नेहमीसारखा ठसठशीत उमटलो.

पुढच्या अधिवेशनात तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. भरतीची जाहिरात दोन वर्षांनी निघाली, तेव्हा दीदींचे वय चार महिन्यांनी जास्त भरले. उत्तर गेले असते तर भरती लवकर झाली असती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या दिवशी माझी शाई वाळलेली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

पुढे उत्तरे संगणकावरून जाऊ लागली आणि मी खणात पडून राहिलो. निवृत्तीच्या दिवशी प्रभाकररावांनी मला डब्याच्या पिशवीत घालून नेहरू नगरच्या या घरी आणले. दीदींसमोर ठेवून सगळे सांगून टाकले.

दीदी म्हणाल्या, "बाबा, एक फोनच तर लावायचा होता ना?"

"हो बेटा," ते म्हणाले.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. मला शाई तेवढी लावू नका. कोणी काही विचारले तर जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगा आणि उरलेले शोधायला लगेच उठा.

परवा तुमच्यातल्या तन्वीने विचारले, "दीदी, हमारे स्कूल में गणित की मैडम कब आएँगी?" दीदींना ठाऊक नव्हते. तेवढ्यात आतल्या खोलीतून प्रभाकरराव चष्मा लावत आले आणि त्यांनी शाळेचा नंबर मागितला. पाच वाजून गेले होते. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

मग कोणीतरी फोन उचलला.