मुंहदिखाईचा डॉलर

मी एक जुना सोन्याचा डॉलर आहे, मित्रांनो, पण माझ्या चकाकीवर जाऊ नका. माझ्याइतकी शरम साऱ्या जालन्यात कुणा नाण्याला वाटत नसेल.

माझा जन्म १८६१ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत झाला. माझ्या एका बाजूला मुकुट घातलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला गरुड आहे. खरे तर मी वीस डॉलरचे नाणे, पण इथे सगळे मला डॉलरच म्हणतात. हातोहात फिरत मी मुंबईला आलो आणि तिथून जालन्याचे कापूस व्यापारी सुगनचंद शेठजी यांच्या घरी पोहोचलो. शेठजींना जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवण्याचा भारी नाद. मखमलीच्या पेटीत मी सर्वांत दुर्मीळ, म्हणून मधोमध बसायचो. शेठजी मला फक्त कडेने धरत. दिवाळीत त्यांच्या पत्नी पानबाई चिंच आणि राख घेऊन मला घासायला आल्या, की ते पेटीच मिटून घेत. एक ओरखडा पडला तरी शौकिनांच्या लेखी नाणे बाद होते, असे ते सांगत. ते ऐकून मी आणखी फुगत असे.

१९४९ साली थोरल्या मुलाचे लग्न झाले. सून चंदाबाई जाफराबादची. मारवाडी घरांत मुंहदिखाईची रीत असते. नव्या सुनेचा पदर वर करून तोंड पाहायचे आणि तिच्या हातावर काहीतरी भेट ठेवायची. पानबाईंनी साऱ्या बायकांदेखत मला चंदाबाईच्या हातावर ठेवले. घरभर वाहवा झाली. संध्याकाळी पानबाई पुन्हा आल्या, शेठजी जपून ठेवतील म्हणाल्या, आणि मला घेऊन गेल्या. महिन्याभराने चंदाबाईने धीर करून मला मागितले, तेव्हा सासूने सांगितले की शेठजींचा संग्रह मोडता येत नाही. चारचौघांत दिलेली भेट गुपचूप परत घ्यायची, आणि त्या कामाला मीच सापडलो होतो! त्या दिवशी मला मखमल टोचू लागली.

१९५३ साली धाकटी सून आली, बदनापूरची लाडबाई. पुन्हा तीच बैठक, पुन्हा मीच. लाडबाईने मला मुठीत घट्ट धरले. शेजारच्या गोजरबाईंनी चंदाबाईला सहज विचारले, "तुला काय दिल्तं गं सासूनं?"

"असाच डॉलर," चंदाबाई म्हणाली. "पेटीत ठेवलाय."

घराची अब्रू तिने राखली. लाडबाईच्या मुठीत मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

बायका जेवायला बसल्या. दागिने नीट करायला आलेला सोनार मागच्या पडवीत होता. चंदाबाईने लाडबाईला बाजूला घेतले आणि मला लगेच गळ्यात घालायची कडी लावून घ्यायला सांगितले. सासूबाईंना विचारू का, असे लाडबाईने म्हणताच ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा हाय न्हं? मंग विचारायचं कशाला? जल्दी कर."

सोनाराने फुंकणीने जाळ मारला. माझ्या मुकुटाजवळची कड भाजली आणि तिथे कडी बसली. लाडबाईने मला काळ्या गोफात ओवून गळ्यात घातले.

संध्याकाळी पानबाई आल्याच. लाडबाईने हसत मला काढून दिले. कडी पाहताच पानबाईंचा चेहरा उतरला. त्या मला शेठजींकडे घेऊन गेल्या. शेठजींनी भिंग लावले आणि कितीतरी वेळ मला उलटसुलट केले. सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नसे, म्हणून ते पानबाईंनाच म्हणाले, "वापस द्या तिला. आता आपल्या कामाचा न्हाई ह्यो."

लाडबाईला ते ऐकू गेले नाही. तिला वाटले, सासऱ्यांनी कौतुकाने पाहिला आणि परत पाठवला. ती धावत स्वयंपाकघरात गेली. चंदाबाई कणीक मळत होती.

"जिजी, किती माया हाय सासूसासऱ्यांची," लाडबाई म्हणाली.

"हाय," चंदाबाई म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

आता १९६० साल आहे. लाडबाईला अजून काही ठाऊक नाही, आणि चंदाबाईने सांगितलेले नाही. मित्रांनो, कुणाला काही द्याल तर ते त्याचेच राहू द्या. परत घ्यायचे असेल तर आधी हातावर ठेवूच नका. जाणकार लोक माझी भाजलेली कड पाहून हळहळतात. तिची मला लाज नाही. पण जेवण वाढताना दोघी जावा शेजारी उभ्या राहतात, तेव्हा मला चंदाबाईचा मोकळा गळा दिसतो.