शेडमागचा बुंधा

मी चेस्टनटचा एक जुना बुंधा आहे, मित्रांनो. गाडीच्या शेडमागे भिंतीला चिकटून उरलो आहे. एकेकाळी माझी सावली अंगणभर पडायची.

मला ताईने लावले. बागमालकाची ती थोरली लेक. बागेत सगळी एकाच जातीची कलमे होती. आम्हा चेस्टनटांना आपल्याच जातीचे पराग सहसा लागू पडत नाहीत. त्यामुळे काटेरी बोंडे लगडत, पण आत नुसती चपटी, पोकळ टरफले. ताईने कुठून कुठून रोपे आणून पाहिली. शेवटी माझे पराग त्या झाडांना मानवले. फळे टपोरी झाली, गराला चिकटलेली आतली साल अलगद सुटू लागली.

कौतुक झाले ते त्या झाडांचे. माझी स्वतःची फळे बारकी, ती कोणी वेचतही नसे. माझे पिवळसर तुरे अंगणात गळत आणि त्यांना उग्र वास येई.

"हे झाड नुसता कचरा करतं," धाकटा भाऊ नाक मुरडायचा. ताई झाडू घ्यायची.

पुढे वडील गेले. ताई लग्न होऊन दूर गेली होती, बाग धाकट्याकडे आली. त्याला गाडीसाठी शेड हवी होती. ताईच्या कानावर गेले तशी ती धावत आली.

"दुसरं काहीही तोड, याला हात लावू नकोस. याच्या जिवावर सगळी बाग फळते."

"ताई, तू आता तुझं घर बघ. इथलं मी बघेन."

ती पाणीही न पिता निघून गेली. दुसऱ्याच दिवशी माझ्यावर करवत चालली.

त्या हंगामातही बोंडे धरली. धाकटा खुशीत होता. बोंडे उकलली आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने खते घातली, फवारण्या केल्या, झाडांना शिव्या दिल्या. शेवटी नर्सरीवाल्याने दिली ती, भलत्याच जातीची झाडे लावली. ती फुलावर आली तेव्हा फळ धरले खरे, पण बारीक. साल इतकी चिवट, की सोलता सोलता गराचा भुगा व्हायचा. पराग कोणाचा, यावर फळाचा आकार आणि गुणही ठरतो, हे त्याला सांगणार कोण? सांगणारीला त्यानेच घालवले होते.

अखेर त्याने तिला बोलावले. ताई आली. केस पांढरे झालेले. तिने वाकून माझ्यावरच्या छाटलेल्या फुटव्यांच्या खुणांवरून हात फिरवला.

"याला पुन्हा फुटवे येतील ना गं?" त्याने विचारले.

"येत होते की. ते छाटत कोण होतं?"

"शेडच्या पत्र्याला लागायचे," तो पुटपुटला.

"मग आता पत्र्याला फळं धरतात का बघ," ताई म्हणाली आणि चालू लागली.

यंदा मला एकही फुटवा आला नाही. आतून मी कुजलो आहे.

मित्रांनो, टपोरी फळे देणाऱ्या झाडाला सगळेच जपतात. ती फळे कोणामुळे धरतात, एवढे करवत उचलण्याआधी विचारा. आणि कोणी सांगायला आले, तर त्याला दारातून परत पाठवू नका.