भोपळ्यावर दोन तळहात

मित्रांनो, भोपळा म्हटले की तुम्हांला भाजी आठवत असेल. मीही एक भोपळाच आहे, आता फार म्हातारा. पण मला कुणी कधी शिजवले नाही. कोरियातल्या जेजू बेटावर, गवताने शाकारलेल्या एका छपरावर, खाऱ्या वाऱ्यात मी वाढलो. देठ वाळला तसे त्या घरच्या दोक्सुनने मला खाली उतरवले, भोक पाडून आतल्या बिया काढल्या, वाळवून ते भोक बुजवले आणि माझ्याभोवती जाळी विणली. खाली मोठी झोळी बांधली. झालो मी पाणबुडीचा, म्हणजे समुद्रात बुड्या मारणाऱ्या बाईचा, तेवाक, तिचा तरंगता सोबती. ती तळाशी जाऊन शिंपले खरवडून काढी आणि मी वर तिची वाट पाही. वर आली की मला मिठी मारून ती शिट्टीसारखा लांब श्वास सोडी. वल्ही मारताना बायका गात:

*श्वासाची गं दोरी, किती ताणशील बाई,*
*वर भोपळा वाट पाहे, जशी दारामध्ये आई.*

ऐकायला गोड वाटते. किनाऱ्यावरचे आयुष्य मात्र गोड नव्हते.

किनाऱ्यावर दगडांचे एक गोल कुंपण होते आणि मध्ये शेकोटी. पाण्यातून कुडकुडत आलेल्या बायका तिथे शेकत बसत. कुणी कुठे बसायचे ते वयावर नाही, श्वासावर ठरे. सर्वांत खोल जाणारी वाऱ्याच्या बाजूला, जिथे धूर येत नाही. उथळ पाण्यातल्या म्हाताऱ्या आणि नवख्या पोरी समोरच्या बाजूला, धुरात डोळे चोळत. बिनधुराचा पहिला दगड माझ्या दोक्सुनचा. तिच्या परवानगीशिवाय शेकोटीत काटकीसुद्धा पडत नसे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी तिथे कुणी बोलत नसे. खोल पाणी कान खाते. वर्षानुवर्षे बुड्या मारल्या की आधी कान दुखतात, मग वाजतात, मग गप्प होतात. पण वारा फिरला की परतीची हाक पडते आणि ती जिला ऐकू येत नाही तिला खोल पाण्यात जाऊ देत नाहीत. बहिरी ठरली की उथळ पाणी आणि धुराचा दगड. म्हणून आमच्या बायका ओरडून बोलत आणि "काय म्हणालीस?" असे कधीही विचारत नसत.

दोक्सुननेही कित्येक हिवाळ्यांत ते विचारले नव्हते. ती वर येताच आधी इतरांची तोंडे न्याहाळी आणि मगच वळे. हे फक्त मला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते.

अशा गावात ओक्सीम परत आली. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. गावाने तिचे नाव टाकून 'मुकी' हेच नाव ठेवले होते. समुद्रापलीकडच्या शहरात बहिऱ्यांच्या शाळेत ती शिकली, शिक्षिका झाली, आणि चांगली नोकरी सोडून इथे आली. कशाला? तर पाणबुड्यांना हातांनी बोलायला शिकवायला!

"आमच्या जिभा झडल्यात का गं?" बायका हसल्या.

"शहरात नवरा मिळाला नाही वाटतं!"

ओक्सीम तुटक बोले आणि इतरांचे बोलणे ओठांवरून वाचत असे. हसणाऱ्यांचे ओठही तिला वाचता येत. तरी ती रोज येई आणि धुरात बसलेल्या बुन्ने म्हातारीशेजारी बसे. बुन्ने ठार बहिरी. घरात सुना तिच्यापुढे ताट सरकवत आणि पाठ फिरवत. ओक्सीमने तिला शंख, शिंपला, भूक, पाऊस हे शब्द बोटांत दिले. एके दिवशी बुन्ने काहीतरी बोटांनी म्हणाली आणि दोघी पोट धरधरून हसल्या. मित्रांनो, त्या हसण्याने शेकोटीभोवतीच्या साऱ्या माना वळल्या, ते मला अजून आठवते. बुन्नेला हसताना कुणी पाहिलेच नव्हते.

दोक्सुन ताडकन उठली. "ए मुके! पाण्यात हात वर करते ती बुडणारी. हात हलवून समुद्राला बोलवू नये, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही? माझ्या बायकांच्या हातांना बुडणं शिकवू नकोस."

तिने ओक्सीमच्या चपला कुंपणाबाहेर भिरकावल्या. मीही दोक्सुनचाच भोपळा. मला वाटले, बरे झाले, ब्याद गेली.

ब्याद दुसऱ्या दिवशी हजर! पण आज तिने हात वर केला नाही. बुन्नेचा भोपळा मांडीवर घेतला आणि त्याच्यावर दोन्ही तळहात सपाट टेकवले. म्हणजे, परत फिरा. एक मूठ टेकवली. वारा आला. पालथा हात. मी इथे आहे. सगळे बोलणे भोपळ्याच्या पाठीवर, पाण्यालगत. आकाशाकडे एकही बोट नाही. समुद्राला राग येईल असे काही तिने ठेवलेच नव्हते.

"बघा, भोपळ्यावर ढोलकी वाजवतेय," दोक्सुन म्हणाली. बायका हसल्या, पण या वेळी सगळ्या हसल्या नाहीत. दोक्सुनने ते पाहिले. "जिला हिच्याकडून शिकायचंय तिनं उद्यापासून उथळ पाण्यात जावं," तिने बजावले. मग शिकणार कोण?

हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी आम्ही लांबवर होतो. अचानक उत्तरेचा वारा फिरला. बायकांनी हाक दिली, पुन्हा दिली. दोक्सुन वर आली तेव्हा तिचे तोंड खुल्या समुद्राकडे होते. लाटा उंच झालेल्या. आज तोंडे न्याहाळायला कुणी दिसेना. तिने श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेली.

"जाऊ दे, हावरट आहे," कुणीतरी म्हणाले. "म्होरकीला कोण शिकवणार?" आणि बायका वळल्या.

मी लाटांवर आपटत होतो. ओरडायला मला तोंड नाही. तेवढ्यात बुन्नेचा भोपळा माझ्या दिशेने येताना दिसला आणि त्याला धरून किनाऱ्याकडून पोहत येत होती ओक्सीम! कानांवाचून जगणारीने कानांवाचून जगणारी केव्हाच ओळखलेली होती.

दोक्सुन वर आली ती तिच्या तोंडासमोरच. "मर मेले! तू कुठं आलीस इथं!"

 ओक्सीमने माझ्यावर दोन्ही तळहात सपाट टेकवले.  दोक्सुनने वळून पाहिले. समुद्र रिकामा होता. तिचा चेहरा कसा झाला ते मी कुणाला सांगितले नाही, तुम्हांलाही सांगणार नाही. त्या दोघी एकमेकींना ओढत, खडकांवर खरचटत किनाऱ्याला लागल्या.

"हाका मारून घसे बसले आमचे! ऐकू नाही आलं?" बायका धावून आल्या.

"ऐकलं की," दोक्सुन म्हणाली. "येतच होते. ही मुकी मध्ये कडमडली म्हणून उशीर झाला."

झाले! सगळ्या ओक्सीमवर तुटून पडल्या. दुसरीचा भोपळा पळवला, पाणी बाटवले, म्होरकीचा जीव घेत होती! ओल्या कपड्यांनिशी तिला त्यांनी कुंपणाबाहेर काढले. ओक्सीमला 'बहिरी' या एका शब्दात सुटता आले असते. ती वाऱ्यात उभी राहिली, पण तो शब्द तिने उच्चारला नाही.

दोक्सुन आपल्या दगडावर बसली. बायका पाठी शेकत होत्या, भाजलेली रताळी सोलत होत्या. तिच्या हातातले रताळे निवून गेले. मग ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

"काय म्हणालीस?" एक बाई म्हणाली. हा प्रश्न त्या कुंपणात पहिल्यांदाच विचारला गेला.

"तुलाही येत नाही वाटतं! बहिरी झालेय मी, बहिरी! कैक हिवाळे झाले. मघाशी खोटं बोलले. तिनं आणलं मला."

 मग एक मान खाली घालून म्हणाली, "माझा डावा गेलाय." दुसरी म्हणाली, "माझे दोन्ही वाजतात." कुणी कुणाला हसले नाही.

दोक्सुन बाहेर गेली, ओक्सीमला बाहीला धरून आत ओढले आणि आपल्या दगडावर दाबून बसवले. स्वतः धुरात जाऊन बसली. "शिकव," ती ओरडली. "पण आधी सांग, 'गाढव' कसं म्हणायचं? या साऱ्याजणींना म्हणायचंय."

मित्रांनो, ती शेवटपर्यंत खोल पाण्यात गेली आणि शेवटपर्यंत भांडली, आता हातांनी. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकीला भोपळ्यावरची बोली यावी लागे. शेजारच्या गावांतून पाणबुड्या आल्या, मागोमाग त्यांची बहिरी मुलेही आली. त्यांच्यासाठी ओक्सीमने किनाऱ्यावर शाळा उघडली. आता माझ्या जागी हलके पांढरे तेवाक आले आहेत. मी त्या शाळेत खुंटीला टांगलेला असतो. मला तडा गेला आहे. माझी धूळ पुसायला कुणी येत नाही, त्याचे मला काही वाटत नाही.

एवढेच मागतो. तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर त्यांच्या पाठीमागून ओरडू नका आणि "जाऊ दे, काही नाही" असे म्हणून वळू नका. समोर या, उजेडात या, तोंड दिसू द्या, हात वापरा. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित ते उत्तर म्हणजे एक शिवीच असेल. तरी थांबा, त्यांना फार दिवसांनी कुणीतरी बोलायला मिळालेले असते.