ओरडलं का कुणी?

मी बोलतोय, लिफ्टशेजारच्या ट्रॉलीवरून. हो, हाच तो काळा खोका, ज्याच्यावर आत्ताच कुणीतरी चहाचा कप ठेवून गेलं. जरा जवळ या. पंखे बंद झाल्यापासून माझा आवाज खाली गेलाय.

माझं नाव प्रायमरी स्टोरेज. नाव इंग्रजी असलं तरी काम स्वयंपाकघरातल्या फडताळाचं, रोज लागतं ते सगळं माझ्यापाशी. या इस्पितळाच्या तळघरात एक थंडगार खोली आहे. तिथे खरी मशीन्स मोजकीच, पण त्यांच्या पोटात आभासी मशीन्स डझनावारी. एका घरात पुष्कळ बिऱ्हाडं नांदावीत तसं समजा. केसपेपरचं एक, रक्ततपासणीचं एक, औषधांचं एक. डोकं ती चालवायची, सामान मात्र सगळ्यांचं माझ्याकडे.

मी आलो तेव्हा काय तोरा होता माझा! इस्पितळाचे साहेब स्वतः बघायला आले होते. म्हणाले, "आता वर्षानुवर्षं इकडे बघायला नको." आणि खरंच, कुणी बघितलं नाही. माणसांचं असंच असतं, चालतंय तोवर आठवण नाही. अपवाद एक ताई. ही मशीन्स सांभाळणारी. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. रोज सकाळी यायची, माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि विचारायची, "तापलायस का रे?"

बिऱ्हाडांमध्ये एक माझं लाडकं होतं, आवाजांचं. घशाच्या ऑपरेशनआधी स्पीच थेरपिस्ट मॅडम माणसाला बंद खोलीत बसवून वाक्यं वाचून घ्यायच्या. पुढे आवाज गेला तरी बोलक्या यंत्रातून त्याला स्वतःच्याच आवाजात बोलता यावं म्हणून.

शेवटी आले ते एक बसचालक काका. आवाज खणखणीत आणि स्वभाव तिरकस.

"काका, वाचा. आजचे हवामान सुखद आहे."

"मॅडम, असं मी उभ्या जन्मात बोललो नाही. आता जाता जाता कशाला?"

तरी वाचलं बिचाऱ्यांनी. उठताना म्हणाले, "एक माझ्या मनाचं बोलू? लेकीसाठी?" आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आलीस का गं ठमे? जेवलीस का?" मी ते जिवापाड जपलं.

ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत मॅडमना ते आवाजांचं मशीन लागणार नव्हतं, म्हणून ताईनं बंद करून ठेवलं. रिकाम्या खोलीत पंखा कशाला फिरवायचा, असं तिचं म्हणणं. पण बॅकअप निघायचा तो चालू मशीन्सचाच, आणि जुना काही दिवसांनी आपोआप पुसला जायचा. म्हणजे काकांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या पोटात.

एवढ्यात माझेही दिवस भरत आले. एक डिस्क गेली, मग दुसरी. समोरचा पिवळा दिवा विझेचना. मग नवं स्टोरेज आलं, माझ्या निम्म्या उंचीचं, ना घरघर ना गरमी. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

ताईनं एकेक बिऱ्हाड चालतं-बोलतं तिकडे हलवलं. चुलीवरचं दूधसुद्धा उतू जाऊ दिलं नाही. रक्ततपासणीवाल्यांना पत्ताही नाही की आपलं घर बदललं. चूक झाली ती एकच. तिनं पडद्यावर फक्त चालू मशीन्स दिसतील असं लावलं होतं. झोपलेलं ते एक तिला दिसलंच नाही. झोपवलं होतं तिनंच, पण सतरा भानगडींत राहून गेलं.

जुनं स्टोरेज पुसण्याआधी आमच्यात एक रीत असते. जोडणीच्या वायरी काढायच्या आणि वाट बघायची. कुणाचं काही राहिलं असेल तर तो ओरडत येतो. कुणीच आलं नाही तर खुशाल पुसायचं.

साहेब रोज दारातून डोकवायचे. "ओरडलं का कुणी?"

"नाही, साहेब."

"मग पुसून टाक ना! निदान त्याची वीज तरी तोड."

"महिना होऊ द्या. आणि वीज नको, साहेब. म्हातारी डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही."

"फार जीव आहे गं तुझा त्याच्यावर."

"आहे," ताई म्हणाली.

इकडे माझा जीव टांगणीला. अहो, ओरडणार कोण? ज्यानं ओरडायचं, त्याचा आवाजच माझ्या पोटात! मला येऊन येऊन काय येतं, तर पिवळा दिवा लावता येतो. तो तर आधीपासूनच लागलेला.

महिना संपला. ताई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि पुसायची तयारी करू लागली. तेवढ्यात काचेच्या दारावर टकटक झाली. बाहेर मॅडम आणि गळ्याला रुमाल बांधलेला एक माणूस. मला काही ओळखू आला नाही, माझी ओळख त्याच्या आवाजाशी.

"ताई, आमचं मशीन सुरूच होत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "या काकांचा आवाज यंत्रात बसवायला घ्यायचाय."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! ते तर मी..." ती माझ्याकडे वळली. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उडवून विचारलं, आहे ना?

"आहे, काका. बसा तुम्ही. अजून कुठे गेला नाही तुमचा आवाज."

तिनं वायरी परत जोडल्या. मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं. घरघर केली, खरखर केली. मध्येच एक डिस्क अडली, तिच्या वाटचं शेजारणींनी भरून दिलं. पण ते शेवटचं बिऱ्हाड मी नव्या घरी सुखरूप पोचवलं. मग ताईनं मला पुसलं. आधी पाठीवर हात ठेवला, बराच वेळ.

आता मी रिकामा आहे. भंगारवाल्याची वाट बघतोय. तुम्हाला एवढंच सांगतो, जुनं काही पुसायला निघालात तर 'ओरडलं का कुणी' एवढ्यावर थांबू नका. ज्यांना ओरडता येत नाही, त्यांच्या दारावर तुम्हीच जाऊन टकटक करा.

थांबा हं, लिफ्ट उघडतेय. काका! गळ्यात ते यंत्र. मॅडमना आवाज बसवायला बरेच दिवस लागले म्हणे. आणि समोरून ही धावत येतेय ती लेक असणार, उशीर झालेली, धापा टाकणारी. काकांनी बटण दाबलं.

"आलीस का गं ठमे? जेवलीस का?"

पोरगी जागच्या जागी थबकली. माझ्या ट्रॉलीला धरून उभी आहे. रडतेय का हसतेय, कळत नाही.

"नाही जेवले, बाबा."

तो बघा, भंगारवाला आला. येतो मी.